कोळशाच्या बॉयलरचा काळा धूर : स्क्रबर बसवावा की आधी भट्टी सुधारावी?

गिरणाकाठ

सर्व सभासदांना नमस्कार. जळगाव परिसरात आमची सरकीच्या तेलाची लहान गिरणी आहे. ताशी दोन टन वाफ देणारा, हाताने कोळसा टाकण्याचा बॉयलर वडिलांच्या काळापासून चालू आहे. शेजारी नंतर वसाहत झाली आणि आता तिथल्या रहिवाशांनी धुराबद्दल लेखी तक्रार केली आहे. आम्ही आधी आलो, हे खरे असले तरी तो मुद्दा मी येथे मांडणार नाही, कारण त्याने कोणाच्या गच्चीवरची काजळी कमी होत नाही.

धूर सतत नसतो. भट्टीत कोळसा टाकला की पहिली आठ-नऊ मिनिटे चिमणीतून डांबरासारखा काळा लोट निघतो, मग तो विरळ होत जातो आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. पूर्वी चंद्रपूरकडचा कोळसा वापरत होतो. राख फार निघते म्हणून दोन वर्षांपासून इंडोनेशियाचा घेतो. राख खरोखरच कमी झाली, परंतु धूर वाढल्यासारखा वाटतो, हे कोडे मला सुटलेले नाही.

एका विक्रेत्याने वेट स्क्रबरचे दरपत्रक दिले आहे. पाण्याच्या फवाऱ्यातून धूर गेला की तो पांढराच होईल, असे तो म्हणतो. दुसऱ्याचा सल्ला चिमणी दहा मीटरने वाढवण्याचा आहे. खर्च एकदाच करता येईल, म्हणून अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

सातपुडा

कोळसा सोडून गॅसवर जावे, म्हणजे धूरही संपेल आणि हा धागाही.

गिरणाकाठ

सातपुडाभाऊ, आमच्या रस्त्यापर्यंत गॅसची वाहिनी आलेली नाही आणि टाकीतून गॅस आणून सरकीचे तेल काढले, तर ते तेल औषधाच्या दुकानात विकावे लागेल.

जुना_भुसावळकर

माझे वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये फायरमन होते आणि मी स्वतः बॉयलर अटेंडंट म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. त्यामुळे आपल्या प्रश्नातील ‘आठ-नऊ मिनिटे’ हे शब्द वाचताच आपला फायरमन कोळसा कसा टाकतो, ते डोळ्यांसमोर आले. तो एकदम पाच-सहा घमेली कोळसा पेटत्या निखाऱ्यांवर ओततो, दार लावतो आणि बाहेर जाऊन बसतो. बरोबर ना?

वडील सांगत की इंजिनाच्या चिमणीतून काळा धूर दिसला की ड्रायव्हर मागे वळून फायरमनकडे पाहत असे आणि तेवढी नजर पुरेशी होती. त्यांची पद्धत ‘थोडे आणि वारंवार’ अशी होती. एका वेळी चार-पाच फावडी, तीही जिथे आग पांढरी झाली आहे, जाळी उघडी पडत आली आहे, तिथेच पसरून टाकायची. इंजिनाच्या भट्टीत विटांची कमान असे. ती तापून लाल झाली की नव्या कोळशातून निघणारा वायू तिच्याखालून वळसा घेऊन जाताना पेटत असे. फावडे मारल्यावर दार थोडा वेळ बोटभर उघडे ठेवत, म्हणजे आगीच्या वरून हवा मिळे.

स्क्रबरचे पैसे खर्च करण्यापूर्वी एक दिवस घड्याळ घेऊन भट्टीसमोर उभे राहावे.

गच्चीवरची

मी अशाच एका वसाहतीत राहते, मात्र ती आपल्या गिरणीशेजारची नाही. मार्चमध्ये कुरडया आणि पापड वाळत घालायचे दिवस आले की आम्ही घरातून बाहेर पडताना आधी चिमणीकडे पाहतो, मग पाटाकडे. मला यंत्रातले काही कळत नाही, पण गच्चीवर जे पडते ते एका प्रकारचे नसते, एवढे मी खात्रीने सांगू शकते. एक काळे, हलके असते. बोटाने पुसायला गेले की पसरते आणि कुरडईवर तेलकट रेघ उमटते. दुसरे करडे असते. ते चिमटीत चोळले की रव्यासारखे खरखरते आणि फडक्याने झटकले की जाते. धुणे पहिल्याने खराब होते, डोळ्यांत दुसरे जाते.

पांझरा

गच्चीवरच्या ताईंनी जे चिमटीने ओळखले, ते अनेक दरपत्रकांत वेगळे केलेले नसते. पसरणारी काजळी म्हणजे न जळलेला कार्बन. खरखरणारी असते ती उडालेली राख. पहिलीचे कारण भट्टीत असते आणि उपायही तिथेच करावा लागतो. दुसरी कितीही चांगले ज्वलन झाले तरी उडणारच आणि तिच्यासाठी चिमणीच्या अलीकडे यंत्रणा लागते. मी धुळ्याकडे कापड प्रक्रियेच्या कारखान्यात युटिलिटी विभाग पाहतो. तेथे हे दोन प्रश्न एकच समजून आम्ही आधी मल्टिसायक्लोन, म्हणजे धूर गरगर फिरवून त्यातील जड कण बाजूला पाडणारा संच, बसवला. सायक्लोन सुमारे दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण चांगले पकडतो, काजळीचे कण मात्र एका मायक्रॉनहूनही बारीक असतात. परिणामी राखेची पिंपे भरू लागली आणि चिमणी पूर्वीइतकीच काळी राहिली.

आता गिरणाकाठ यांचे कोडे. कोळसा तापला की आधी त्यातील बाष्पनशील भाग वायुरूपाने बाहेर पडतो आणि तो जाळीवर जळत नाही, जाळीच्या वरच्या मोकळ्या जागेत जळतो. इंडोनेशियाच्या कोळशात राख कमी असते, पण हा बाष्पनशील भाग बराच जास्त असतो. त्याची ज्योत लांब होते. आपली भट्टी जुन्या, राखाळ कोळशासाठी बांधलेली असेल, तर त्या लांब ज्योतीला तिथे जागा पुरत नाही. ज्योत पूर्ण जळण्याआधीच थंड नळ्यांना जाऊन भिडते, विझते आणि काजळी होते. म्हणजे स्वच्छ कोळसा आणल्यामुळे राख घटली आणि काळा धूर वाढला, यात विसंगती काहीच नाही. जाळीखालून हवा वाढवूनही हे सुटत नाही, कारण नवा कोळसा पडल्यावर हवा हवी असते ती वरून. जाळीच्या वर, समोरच्या विटांच्या भिंतीतून छोट्या ब्लोअरने जोराची हवा दिली, तर वायू ढवळला जातो आणि तिथेच जळतो. त्याला आम्ही सेकंडरी एअर म्हणतो.

एक इशारा देतो. छिद्रे केवळ विटांच्या बांधकामात घ्यावीत. बॉयलरच्या दाबाखालच्या भागाला परस्पर हात लावू नये, त्यासाठी बाष्पके संचालनालयाची रीतसर मंजुरी लागते.

केळीबाग

मी रावेरचा शेतकरी आहे आणि विषयापासून थोडा दूर जातो. घड कापल्यावर केळीचे खांब आमच्या बांधावर ढिगाने पडून असतात. ते वाळवून कोळशाबरोबर जाळता येणार नाहीत का? कोळसा वाचेल आणि आमचाही प्रश्न सुटेल.

पांझरा

केळीच्या खांबात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. दहा टन खांब वाळवून एक टनही जळण हाती लागत नाही आणि जे लागते त्यात पोटॅश भरपूर असते. पोटॅशमुळे राख कमी तापमानाला वितळते, जाळीवर क्लिंकरची दगडासारखी पोळी जमते आणि हवेची वाट बंद होते. कपाशीच्या काड्यांचा भुगा करून दाबलेल्या विटा, ज्यांना बाजारात व्हाइट कोल म्हणतात, त्या मात्र चालतात. त्यांत गंधक नगण्य असते. परंतु त्याही कोळशापेक्षा हलक्या असल्याने उडती राख वेगळी सांभाळावी लागते, आणि पावसाळ्यात ओल्या झाल्या तर धूर कोळशाला लाजवील असा होतो.

केळीबाग

म्हणजे आमच्या खांबांनी शेतातच कुजावे. खत तरी होईल.

शंकासूर

चिमणी उंच करण्याच्या सल्ल्यावर कोणी बोलले नाही. उंची वाढवल्याने धूर कमी होतो की फक्त पुढच्या गावाला जातो?

मापाडी

पुढच्या गावाला जातो. मी चिमण्यांचे नमुने घेण्याचे काम करतो, म्हणून हिशेबच मांडतो. चिमणीची उंची ठरवण्याचे जे सूत्र आपल्याकडे वापरतात, त्यात दर तासाला बाहेर पडणाऱ्या सल्फर डायऑक्साइडच्या किलोग्रॅमचा ०.३ घात घेऊन त्याला १४ ने गुणतात. आपण ताशी ४०० किलो कोळसा जाळत असाल आणि त्यात अर्धा टक्का गंधक असेल, तर दोन किलो गंधकापासून चार किलो सल्फर डायऑक्साइड तयार होतो आणि उंची सुमारे २१ मीटर येते. आपली चिमणी याहून कमी असेल, तर वाढवावीच लागेल. पण या सूत्रात काजळीचा संबंधच नाही. शिवाय जळगावात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, तेव्हा धूर वर न जाता आडवा पसरून वसाहतीवरच बसतो.

दुसरे असे की काही जण चिमणीच्या अलीकडे जास्तीची हवा सोडून धूर पातळ करतात आणि आकडा कमी येईल असे समजतात. छोट्या बॉयलरचे धूलिकण मोजताना येणारे माप बारा टक्के कार्बन डायऑक्साइडवर आणून लिहिले जाते. त्यामुळे पाणी घातलेल्या दुधाचे फॅट मोजावे तसे ते उघडे पडते.

नमुना घेण्याचे छिद्रही नीट जागी हवे. वळण किंवा पंखा यांच्या पुढे चिमणीच्या व्यासाच्या आठपट आणि चिमणीच्या तोंडापासून दुप्पट अंतर सोडून ते असावे. अनेक ठिकाणी शिडी जिथे पोहोचली तिथे छिद्र पाडलेले मी पाहिले आहे.

शंकासूर

मापाडीभाऊ, आपल्यासारख्यांच्या मागे लहान गिरण्या आणि दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राला मात्र मोकळीक, असे वाटते. भुसावळला जाताना त्या चिमण्या दिसतात.

मापाडी

चिमण्या दिसतात, पण त्यांतून काळा लोट निघताना आपण क्वचितच पाहिला असेल. दीपनगरला ५०० मेगावॅटचे संच आहेत. तेथे कोळसा पिठासारखा दळून भट्टीत फुंकतात, तो हवेतच जळतो आणि काजळी फारशी उरत नाही. राख मात्र प्रचंड निघते, ती विजेच्या भाराने ओढून घेणारी इएसपी यंत्रणा लागते. त्यांचा प्रश्न राखेचा आहे, तोही मोठा आहे, परंतु त्याकडे बोट दाखवून दोन टनाच्या बॉयलरची काजळी धुतली जात नाही. धुराची तक्रार तशी जुनीच आहे. मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवाचा कायदा १९१२ साली झाला आणि धुराचा काळेपणा पट्ट्यांशी ताडून पाहण्याचा रिंगेलमनचा तक्ता त्याहूनही आधीचा, १८८८ सालचा आहे. शून्य म्हणजे स्वच्छ, पाच म्हणजे पूर्ण काळा. गिरणाकाठ यांनी वर्णन केलेला लोट मला चाराच्या खाली वाटत नाही.

वाघूर

स्क्रबरबद्दल अनुभव सांगतो. मी पूर्वी ज्या कारखान्यात व्यवस्थापक होतो तेथे स्क्रबर बसवला होता. विक्रेत्याने पांढरा धूर दाखवला, आम्ही पैसे दिले. तो धूर नव्हता, वाफ होती. तिच्या आडून काजळी जातच होती, कारण इतके बारीक कण साध्या फवाऱ्याला फारसे सापडत नाहीत. धुरातला सल्फर डायऑक्साइड पाण्यात उतरून ते आम्लधर्मी झाले. चुना टाकायचे काम ज्याच्याकडे होते तो दिवाळीला गावी गेला आणि संक्रांतीपर्यंत पत्र्याच्या डक्टला चाळणीसारखी भोके पडली. काळ्या गाळाचे काय करायचे, हे दरपत्रकात कुठेच नव्हते. शेवटी एप्रिलमध्ये टँकरचे पाणी विकत घेऊन ते धुरावर उडवण्याची वेळ आली. मग रात्रपाळीत पंप बंद राहू लागला, कारण रात्री धूर दिसत नाही. हे लिहिताना मला अभिमान वाटत नाही.

स्क्रबर वाईट असतो असे माझे म्हणणे नाही. ज्याच्याकडे पाणी आहे, गाळाची सोय आहे आणि रोज सामू तपासणारा माणूस आहे, त्याने तो जरूर घ्यावा.

पांझरा

धूर कापडी पिशव्यांतून गाळणारा बॅग फिल्टरही असाच सांभाळावा लागतो, हे वाघूर यांच्या म्हणण्याला जोडतो. बारीक कण तो उत्तम पकडतो, पण पॉलिएस्टरच्या पिशव्यांना साधारण १३० अंशांपुढचे तापमान सोसत नाही. धूर फार थंड झाला, तर आम्लाचे दव सुटून पिशव्या कुजतात. ठिणगी गेली, तर भोक पडते. काळा धूर तसाच ठेवून बॅग फिल्टर लावला, तर पिशव्यांवर चिकट काजळीचा लेप बसतो आणि पंखा ओढ घेईनासा होतो. म्हणून क्रम भट्टी, मग सायक्लोन, मग गरज असल्यास पिशव्या असा असावा.

सातपुडा

काळा धूर म्हणजे चिमणीतून जाणारा पैसा, एवढे एकच वाक्य मालकाला पटते. तेच सांगावे.

पांझरा

वाक्य पटते, पण ते अर्धेच खरे आहे. दिसणाऱ्या काजळीतला कार्बन वजनाने फार नसतो. खरा तोटा न दिसणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडमध्ये असतो. एक किलो कार्बन पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड झाला, तर सुमारे ८,०८० किलोकॅलरी मिळतात. तोच मोनॉक्साइडवर थांबला, तर जेमतेम २,४३० हाती येतात. काळा धूर ही त्या तोट्याची खूण आहे. उलट चिमणी अगदी स्वच्छ दिसावी म्हणून हवेचा मारा केला, तर गरम केलेली हवाच बाहेर फेकली जाते आणि कोळसा पुन्हा वाढतो. चिमणीतून फिकट करडी झाक दिसावी, एवढेच आमच्याकडे लक्ष्य असते. नळ्यांत बसणाऱ्या काजळीचाही हिशेब आहे. तीन मिलिमीटरचा थर जमला, तर इंधन सुमारे अडीच टक्के जास्त लागते.

जुना_भुसावळकर

पांझराभाऊंचे शास्त्र मान्य आहे. आता फायरमनच्या बाजूने थोडे लिहितो, कारण या धाग्यावर तो स्वतः येणार नाही.

फायरमन पाच घमेली एकदम का ओततो? त्याला आळस असतो म्हणून नेहमीच नव्हे. आत गिरणीत सरकीच्या कुकरचे व्हॉल्व्ह दोघे-तिघे एकाच वेळी उघडतात, दाब दहाच्या काट्यावरून सहावर येतो, सुपरवायझर खिडकीतून ओरडतो आणि हा घाबरून भट्टी भरतो. नवा कोळसा आधी आग थंड करतो, म्हणून दाब आणखी उतरतो, म्हणून तो आणखी भरतो. पुढच्या आठ मिनिटांचा धूर चिमणीतून निघतो खरा, पण त्याची सुरुवात कुकरच्या व्हॉल्व्हपाशी झालेली असते. गिरणीत वाफ घेण्याच्या वेळा पुढे-मागे केल्या आणि गरम कंडेन्सेट, म्हणजे वाफेचे झालेले पाणी, गटारात न सोडता बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या फीड टँकमध्ये परत आणला, तर फायरमनचा निम्मा जीव भांड्यात पडतो. फीडचे पाणी सहा अंशांनी अधिक गरम मिळाले की सुमारे एक टक्का इंधन वाचते, हे प्रशिक्षणात आम्हाला पाठच करायला लावले होते.

आणि मे महिन्यात भुसावळला सावलीत पंचेचाळीस अंश असताना भट्टीचे दार दर चार मिनिटांनी उघडायचे असते. त्याच्यासाठी एक पंखा आणि थंड पाण्याचा माठ ठेवावा. ‘थोडे आणि वारंवार’ हे सांगणे सोपे आहे.

गच्चीवरची

भुसावळकर आप्पा, हे वाचून पहिल्यांदाच मला चिमणीखाली माणूस दिसला. आजवर फक्त चिमणी दिसत होती.

गिरणाकाठ

पाच आठवड्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व. दरपत्रके बाजूला ठेवून आधी आप्पांनी सांगितल्याप्रमाणे घड्याळ घेऊन उभा राहिलो. एका पाळीत कोळसा अकरा वेळा टाकला गेला आणि त्यातील सात वेळा त्याच्या आधी कुकर उघडला होता. मला हे वीस वर्षांत ठाऊक नव्हते.

त्यानंतर पुढील बदल केले. मोठे ढेकळे फोडून कोळसा अंड्याएवढा करतो आणि भुकटी थोडी ओलसर करून टाकतो. तीन कुकर दहा-दहा मिनिटांच्या अंतराने उघडतात आणि वेळ फळ्यावर लिहिलेली असते. भट्टीला दोन दारे आहेत, ती आळीपाळीने उघडतात, म्हणजे एका बाजूची आग पेटती राहते. राखेच्या दाराची फट आणि चिमणीकडे जाणाऱ्या डक्टच्या जोडांतून येणारी फुकटची हवा लिंपून बंद केली. मग समोरच्या विटांत चार नळ्या बसवून अर्ध्या अश्वशक्तीचा ब्लोअर लावला. आप्पांच्या माठाऐवजी कूलर दिला आहे आणि फायरमनच्या मते सर्वांत मोठी सुधारणा तीच आहे.

परिणाम असा की काळा लोट आता मिनिट-दीड मिनिट दिसतो आणि तोही पूर्वीइतका दाट नसतो. चिमणीच्या तळाचे तापमान २६० अंशांवरून नळ्या घासल्यावर २१५ वर आले. कोळसा किती वाचला, याचा आकडा हंगाम संपल्याशिवाय सांगणार नाही, कारण या महिन्यात सरकीच कमी आली.

करडी राख मात्र उडतेच आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातील धूलिकणांची मर्यादा घनमीटरला १५० मिलिग्रॅम आहे आणि तिथवर आम्ही पोहोचलेलो नाही. त्यामुळे मल्टिसायक्लोन आणि त्यामागे छोटा बॅग फिल्टर यांचा विचार चालू आहे. वाघूरभाऊ, पिशव्या किती महिने टिकतात?

वाघूर

धूर पेटवण्याच्या वेळी पिशव्यांकडे न वळवता बायपासने जाऊ दिला आणि तापमान चढल्यावरच आत घेतला, तर दोन वर्षे टिकलेल्या पाहिल्या आहेत. बायपासच्या झडपेला कुलूप लावावे आणि किल्ली स्वतःजवळ ठेवावी. कारण आधी लिहिले आहेच.

मापाडी

बॅग फिल्टर बसवण्यापूर्वी नमुन्याचे छिद्र तपासून घ्यावे. नवी यंत्रणा लावून जुन्या छिद्रातून मोजले, तर वाद संपणार नाही.

शंकासूर

आणि तक्रार करणाऱ्या रहिवाशांचे काय झाले?

गिरणाकाठ

त्यांच्यापैकी दोघांना भट्टीसमोर बोलावून घड्याळ हातात दिले. एकांनी दीड मिनिट मोजले, दुसऱ्यांनी दोन. त्या अर्ध्या मिनिटावरून त्यांच्यातच अजून चर्चा चालू आहे. तक्रार त्यांनी मागे घेतलेली नाही. राखेचे काम होईपर्यंत ती राहू द्यावी, असे मीच म्हटले.

गच्चीवरची

मार्च उजाडायला पंधरा दिवस आहेत. पिशव्यांचे काम तोवर होणार नसेल, तर कुरडया घालायच्या दिवशी नळ्या घासू नका, एवढे त्या वसाहतीच्या वतीने सांगते.

गिरणाकाठ

ताई, नळ्या घासण्याचा वार आता फळ्यावर लिहिला आहे. सोमवारी आणि तोही सूर्यास्तानंतर.

गच्चीवरची

सूर्यास्तानंतर नको. मापाडीभाऊंनी सांगितले आहे ना, थंड हवेत धूर खालीच बसतो. दुपारी दोनला घासा, त्या दिवशी आम्ही गच्चीवर काही घालणार नाही.